कॉलेजची एड लेटर्स: ग्रँट किती, लोन किती, आणि बाहेरची स्कॉलरशिप कळवायची का?

पाणकणीस

लेक यंदा बारावीत, आम्ही न्यू जर्सीत. ॲडमिशनचे निकाल लागले, घरात नाचून झालं, पेढे वाटून झाले, आता १ मेच्या आत कुठल्या तरी एका कॉलेजला हो म्हणायचंय. दोन एड लेटर्स (कॉलेज पैशाची काय मदत देतंय ते सांगणारी पत्रं) समोर घेऊन बसलोय आणि दोघांचा ताळमेळच लागत नाहीये.

पहिलं मॅसॅच्युसेट्समधलं प्रायव्हेट कॉलेज. वर्षाचा एकूण खर्च ८८,४०० डॉलर धरलाय. त्याखाली कॉलेज ग्रँट ४१,०००, 'डायरेक्ट अनसब' ५,५००, वर्क स्टडी ३,०००, आणि मग 'फॅमिली फायनान्सिंग' ३८,९००. बेरीज बरोब्बर ८८,४०० आणि तळाशी शिल्लक शून्य! दुसरं आमच्याच राज्यातलं स्टेट युनिव्हर्सिटी. खर्च ३८,६००, मेरिट (मार्कांवर मिळणारी स्कॉलरशिप) ६,०००, लोन ५,५००, आणि तळाशी लिहिलंय २७,१०० भरायचे. म्हणजे कागदावर बघितलं तर प्रायव्हेट फुकट आणि स्टेट महाग. असं कसं असेल?

शिवाय लेकीला गावातल्या एका संस्थेची ४,००० ची स्कॉलरशिप मिळालीय. मैत्रीण म्हणते कॉलेजला अजिबात कळवू नकोस, कळवलंस की तेवढेच पैसे ते स्वतःच्या ग्रँटमधून कापतात. खरंय का हे? आणि टेक्नॉलॉजी फी, रिक्रिएशन फी, ट्रान्झिट फी, ॲक्टिव्हिटी फी ह्या सगळ्या भरायलाच लागतात का? ज्यांची मुलं ह्यातून गेलीयेत त्यांनी प्लीज लिहा.

झुंजूमुंजू

लेकीचं मनापासून अभिनंदन! पेढे इकडे ओहायोत पण पाठवा, पोस्टेज मी भरते.

तिरफळ

मी मिडवेस्टमधल्या एका कॉलेजच्या एड ऑफिसात काम करते, हीच पत्रं रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणकणीस, आधी ती तळाची ओळ विसरा. कोरा कागद घ्या, वर एकूण खर्च लिहा आणि त्यातून फक्त ते पैसे वजा करा जे परत करायचे नाहीत आणि कमवायचेही नाहीत. म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप, बास. प्रायव्हेटचे ८८,४०० वजा ४१,००० म्हणजे ४७,४००. स्टेटचे ३८,६०० वजा ६,००० म्हणजे ३२,६००. ही तुमची खरी किंमत. फरक वर्षाला १४,८०० चा, चार वर्षांत ५९,२००, आणि तो पण पुढे खर्च वाढणार नाही असं धरून.

'डायरेक्ट अनसब' म्हणजे सरकारी कर्ज, लेकीच्या नावावर, व्याज पहिल्या दिवसापासून चालू. पत्रात 'लोन' हा शब्दच नसतो कित्येकदा. २०१८ मध्ये न्यू अमेरिका आणि युॲस्पायर ह्या दोन संस्थांनी हजारो पत्रं तपासली होती, त्यात ह्या एकाच कर्जाला १३६ वेगवेगळी नावं सापडली आणि त्यातल्या २४ नावांत लोन हा शब्द नव्हता. २०२२ मध्ये जीएओने (संसदेसाठी सरकारी कारभार तपासणारी संस्था) अहवाल दिला, त्यांच्या अंदाजाने ९१ टक्के कॉलेजं खरी किंमत एक तर सांगतच नाहीत किंवा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. त्यामुळे तुम्हाला कळत नाहीये ह्यात तुमचं काहीही चुकत नाहीये.

'फॅमिली फायनान्सिंग' ही मदत नव्हेच. उरलेले पैसे तुम्ही कसे उभे करू शकता ह्याची ती सूचना आहे. आईवडिलांच्या नावचं पॅरेंट प्लस लोन, बँकेचं प्रायव्हेट लोन किंवा कॉलेजचे मासिक हप्ते, ह्यातलं काहीही.

डॅलसचा_बाबा

तिरफळताईंनी लिहिलंय त्यात भर. पॅरेंट प्लसच्या जिवावर गणित मांडू नका, नियम बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्याने प्लस घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० एवढीच मर्यादा आहे. आधी जेवढा खर्च उरेल तेवढं मिळायचं. म्हणजे तुमचे ते ३८,९०० प्लसमधून निघणारच नाहीत, उरलेल्यासाठी प्रायव्हेट लोन, तिथे तुमचा क्रेडिट स्कोर आणि बँकेची मर्जी. आणि प्लसमधून ४.२२८ टक्के फी आधीच कापून घेतात, २०,००० मागितले तर जवळजवळ ८५० डॉलर हातात यायच्या आत गेले, व्याज मात्र पूर्ण २०,००० वर.

मुलांच्या नावचं डायरेक्ट लोन पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००. तेवढं घ्यायला माझी हरकत नाही, मुलांचाही वाटा असू दे.

पाणकणीस

बापरे. तिरफळ, डॅलसचा_बाबा, मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्पच झाला. पण वर्क स्टडीचे ३,००० का नाही धरायचे? ते तर परत करायचे नसतात ना?

तिरफळ

परत करायचे नसतात पण कमवायचे असतात. वर्क स्टडी मिळाली म्हणजे लेकीला कॅम्पसवरची नोकरी शोधायला मुभा मिळाली. लायब्ररीत, मेसमध्ये, लॅबमध्ये तासावर काम केलं की पगार तिच्या हातात येतो. ऑगस्टच्या बिलातून ते वजा होत नाहीत. पुस्तकं, फोन, थँक्सगिव्हिंगला घरी यायचं तिकीट ह्याला छान उपयोगी पडतात. पहिल्या सेमिस्टरला नोकरी मिळालीच नाही असंही होतं, म्हणून बिलाच्या हिशोबात नको.

कुर्डई

मला थोडं वेगळं म्हणायचंय, नाहीतर हा धागा वाचून लोकांना वाटेल प्रायव्हेटच्या वाटेलाच जायला नको. असं अजिबात नाही! खूप श्रीमंत कॉलेजं खूप मदत करतात. प्रिन्स्टनने २००१ मध्येच एड पॅकेजमधून लोन काढून टाकलं. हार्वर्ड आणि एमआयटीने २०२५ पासून वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरपर्यंत असलेल्या घरांना (मालमत्ता सर्वसाधारण असेल तर) ट्यूशन माफ केलीय. २ लाख म्हणजे आपल्यातली कितीतरी घरं त्यात येतात. आम्हाला प्रायव्हेट कॉलेज आमच्या स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडलं, मोठ्या लेकाच्या वेळी.

तेव्हा अर्ज करायच्या आधीच नेट प्राइस कॅल्क्युलेटर (घरची माहिती टाकली की अंदाजे खरी किंमत सांगणारा) चालवा. २०११ पासून सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो वेबसाइटवर ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. अकरावीतच बसा मुलांना घेऊन, एका रविवारी सकाळी होतं काम. मधली कॉलेजं जी ना फार श्रीमंत ना सरकारी, तिथे मात्र डोळ्यात तेल घालून बघा.

गावठी_गणित

>>> २ लाख म्हणजे आपल्यातली कितीतरी घरं

आणि दोघं आयटीत असले की कितीतरी घरं त्याच्या जरा वर, तिथे मदत शून्याकडे आणि हातात ९० हजार काढून ठेवलेले नाहीत. ह्या मधल्या लोकांनी मेरिटच्या मागे लागावं हे माझं स्पष्ट मत. हार्वर्ड, एमआयटी मेरिट देतच नाहीत, फक्त गरज बघतात. उलट अलाबामा युनिव्हर्सिटी किंवा यूटी डॅलस नॅशनल मेरिटवाल्या (पीसॅट परीक्षेत देशात वर आलेल्या) मुलांना भरभरून देतात. मुलांना नाव लहान वाटतं, मान्य. पण कर्जाशिवाय बाहेर पडलेलं मूल मास्टर्सला पाहिजे तिथे जाऊ शकतं.

रानजाई

हे सगळं सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांचं झालं. आमच्यासारख्यांचं पण कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. आम्ही एच-१ (नोकरीच्या व्हिसा) वर, मोठा लेक पुण्यात जन्मलेला म्हणून एच-४ (आमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा), धाकटी इथे जन्मलेली. धाकटीचा फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) भरता येईल, आईवडिलांचा व्हिसा काय आहे ह्याने फरक पडत नाही. मोठ्याला मात्र फाफ्सा नाही, सरकारी लोन नाही, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) नाही, नॅशनल मेरिट स्कॉलरशिप पण नाही. दुसरीपासून इथल्या शाळेत शिकलेला मुलगा आणि बऱ्याच कॉलेजांच्या लेखी तो इंटरनॅशनल स्टुडंट. एकाच डायनिंग टेबलवर बसणारी दोन भावंडं आणि दोघांना दोन नियम, हे त्याला समजावून सांगणं आम्हाला फार जड गेलं.

काय करता येतं ते सांगते. एक तर बऱ्याच राज्यांत एच-४ मुलांना इन-स्टेट ट्यूशन (राज्यातल्या रहिवाशांचा कमी दर) मिळते, तुमच्या राज्याचा नियम वाचा आणि रेसिडेन्सी ऑफिसला मेल टाकून लेखी उत्तर घ्या. दुसरं म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं इंटरनॅशनल मुलांना पण पैशाची गरज न बघता प्रवेश देतात आणि पूर्ण गरज भागवतात. प्रवेश मिळणं कठीण, पण मिळाला तर पैशाची काळजी नाही. तिसरं, २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जावं लागतं, ते कॉलेजच्या मध्येच येतं, तेव्हा इन-स्टेट दर टिकतो का हे आत्ताच विचारून ठेवा.

झुंजूमुंजू

रानजाई, वाचून पोटात तुटलं. लेकाला खूप शुभेच्छा.

अव्यक्त

फाफ्साचा विषय निघालाय तर विचारतो. पुण्यात एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. आणि दर महिन्याला आईबाबांना पैसे पाठवतो. हे सगळं दाखवायचं का? एक मित्र म्हणाला भारतातलं कोण बघायला येतंय.

तिरफळ

अव्यक्त, दाखवायचं. फॉर्मवर सही तुमची असते आणि खोटी माहिती देणं फेडरल गुन्हा आहे. मित्राचं ऐकू नका.

घाबरायचं पण कारण नाही. तुम्ही राहता ते घर फाफ्सात धरत नाहीत, ४०१के आणि आयआरए (निवृत्तीची खाती) धरत नाहीत. भाड्याचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून धरतात, मग तो पुण्यात असो की एडिसनमध्ये, पण त्यावरचं कर्ज वजा करून. पालकांच्या मालमत्तेतला जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशोबात येतो. कर्ज वजा जाऊन ६०,००० डॉलर उरत असतील तर साधारण ३,४०० चा फरक, त्याहून जास्त नाही. मुलाच्या नावावरच्या पैशाला मात्र २० टक्के लागतात, म्हणून आजीने दिलेली एफडी नातवाच्या नावावर असेल तर लक्ष असू द्या.

आईबाबांना पाठवलेल्या पैशाला फाफ्सात रकाना नाही. ते तुमच्याकडे राहत असतील आणि अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर कुटुंबाच्या संख्येत धरता येतात. सीएसएस प्रोफाइल (फाफ्साहून जास्त तपशिलाचा वेगळा अर्ज) मागणाऱ्या कॉलेजांना वेगळं पत्र लिहून सांगता येतं, औषधपाण्याचा खर्च, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या. आमच्या ऑफिसात अशी पत्रं खरंच वाचतात.

सीएसएस मात्र राहत्या घराची किंमतही विचारतं आणि बरीच कॉलेजं ती धरतात. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात जुन्या घरांचे भाव चढलेत, त्यामुळे दोन कॉलेजांच्या आकड्यात मोठी तफावत येते ती बरेचदा ह्याने. यूपेनने (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी) आता राहतं घर धरणं बंद केलंय.

आणि जुळी किंवा पाठोपाठची भावंडं असणाऱ्यांसाठी: २०२४-२५ पासून फाफ्सात दोन मुलं एकदम कॉलेजात असली तरी सूट मिळत नाही. सीएसएसवाली काही कॉलेजं अजून देतात.

अटलांटाकर

फीचं राहूनच गेलं! आमच्या जॉर्जियात होप स्कॉलरशिप आहे, १९९३ पासून, लॉटरीच्या पैशावर चालते. ३.७ जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि सॅटला १२०० असले की झेल मिलर ही त्याचीच वरची पायरी, म्हणजे सरकारी कॉलेजात पूर्ण ट्यूशन. सगळे म्हणतात जॉर्जियात कॉलेज फुकट. पण पूर्ण ट्यूशन म्हणजे फक्त ट्यूशन हो! मँडेटरी फी, राहणं, जेवण, पुस्तकं आपल्याच खिशातून. २०११ च्या बदलानंतर फी आणि पुस्तकांचे पैसे त्यातून गेले. तेव्हा कुठल्याही पत्रात 'फुल ट्यूशन' वाचलं की फी, हॉस्टेल, मील प्लॅन वेगळे लिहून काढा.

बे_एरियाकर

पाणकणीस, तुमच्या फीच्या प्रश्नाचं उत्तर. बिलावरच्या फी दोन प्रकारच्या. एक मँडेटरी, टेक्नॉलॉजी, जिम, बस, स्टुडंट युनियन वगैरे, मुलगी जिमचं तोंड न बघो, भरावीच लागते. इथे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसवर ह्यातल्या काही फी विद्यार्थ्यांनीच मतदान करून लावून घेतलेल्या आहेत. दुसऱ्या फी सुटू शकतात आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे हेल्थ इन्शुरन्स. तुमच्या नोकरीच्या प्लॅनवर मूल २६ वर्षांपर्यंत राहू शकतं, त्यामुळे वेव्हर (आमचा इन्शुरन्स आहे, तुमचा नको असा अर्ज) भरला की ती रक्कम बिलातून जाते. बहुतेक ठिकाणी हजारांत असते. वेव्हर दरवर्षी नव्याने भरायचा आणि तुमचा प्लॅन कॉलेजच्या गावात चालतो का ते आधी बघायचं. एचएमओ (ठराविक भागातल्या डॉक्टरांपुरता प्लॅन) असेल तर बरेचदा चालत नाही.

इंजिनिअरिंग, बिझनेस, कॉम्प्युटर सायन्सला बऱ्याच ठिकाणी दर जास्त असतो, पत्रातला आकडा कुठल्या मेजरचा ते विचारा. आणि दर दरवर्षी वाढतो का तेही. यूसीत २०२२ पासून ज्या वर्षी आत आलात त्या वर्षीचा ट्यूशन दर सहा वर्षांपर्यंत कायम राहतो. सगळीकडे असं नाही.

गावठी_गणित

मील प्लॅन पण बघा. फ्रेशमनला मोठा प्लॅन सक्तीचा असतो आणि आपली मुलं तिसऱ्या आठवड्यात फोन करतात, आई कुकरची शिट्टी किती वेळा?

कुर्डई

माझा तर वरण-भातावरच राहिला पहिलं वर्ष, डॉर्मच्या मायक्रोवेव्हमध्ये! दुसऱ्या वर्षी लहान प्लॅन घेतला, चांगला फरक पडला.

चांदणचुरा

बाहेरच्या स्कॉलरशिपबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मी आमच्या गावातल्या एका स्कॉलरशिप समितीवर काम करते. आम्ही वर्षभर पैसे जमवून मुलांना देतो आणि मग कळतं की कॉलेजने तेवढीच ग्रँट कापली, म्हणजे आमचे पैसे त्या मुलाला मिळालेच नाहीत, कॉलेजला मिळाले. खूप वाईट वाटतं आम्हाला.

गावठी_गणित

म्हणूनच म्हणतो कळवू नका. चेक मुलाच्या नावाने घ्या, विषय संपला.

तिरफळ

गावठी_गणित, हा सल्ला कृपया देऊ नका. सरकारी मदत असलेल्या मुलाची बाहेरची स्कॉलरशिप आम्हाला हिशोबात धरावीच लागते, सगळी मदत मिळून ठरलेल्या गरजेच्या आणि एकूण खर्चाच्या वर जाता येत नाही. वर्षाच्या मध्ये कळलं तर दिलेले पैसे परत मागावे लागतात आणि ते बिल मुलाच्या खात्यावर येतं. बऱ्याच संस्था चेक थेट कॉलेजला पाठवतात, तेव्हा लपत तर नाहीच.

पण चांदणचुरा म्हणतात ते दुःख खरं आहे. आधी काय कापायचं हे प्रत्येक कॉलेजचं धोरण असतं. चांगली कॉलेजं आधी वर्क स्टडी आणि लोन कमी करतात, ग्रँटला शेवटी हात लावतात. काही थेट ग्रँट कापतात. मला स्वतःला ते चुकीचं वाटतं आणि ऑफिसात मी तसं बोलते. कायदेही येतायत. २०१७ मध्ये मेरीलँडने सर्वात आधी सरकारी कॉलेजांना असं कापायला बंदी केली, कॅलिफोर्नियात २०२३-२४ पासून पेल मिळणाऱ्या मुलांसाठी तसा कायदा आहे, न्यू जर्सीतही झालाय. पण पाणकणीसचं प्रायव्हेट मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणून तिथे धोरण विचारूनच घ्यायचं.

मेल लिहा: बाहेरून ४,००० मिळाले तर पॅकेजमधलं काय आणि कोणत्या क्रमाने कमी होईल? ४१,००० ग्रँट चारही वर्षं तेवढीच राहील का, जीपीएची अट आहे का? पहिल्या वर्षी जास्त देऊन पुढे कमी करणारी कॉलेजं असतात, म्हणून हे लेखीच हवं. स्टेट युनिव्हर्सिटीत तुम्हाला गरजेवरची मदत काहीच नाही, तेव्हा ४,००० सरळ वरून मिळतील. तिथली किंमत २८,६००.

चांदणचुरा

आणि कॉलेज ग्रँटच कापणार असेल तर स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेला फोन करा. आम्ही मुलांच्या विनंतीवरून पैसे पुढच्या वर्षी देतो, किंवा चार वर्षांत विभागून. विचारलं तर बहुतेक संस्था ऐकतात, पैसे मुलालाच मिळावेत हीच तर आमचीही इच्छा असते.

हेमाडपंती

टॅक्सचं एक वाक्य. स्कॉलरशिपचा जो भाग ट्यूशन, सक्तीची फी, पुस्तकं सोडून राहण्या-जेवणावर जातो तो मुलाचं करपात्र उत्पन्न धरतात. आणि अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (२,५०० पर्यंत) हवं असेल तर ट्यूशनचे ४,००० डॉलर ५२९ (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) मधून न भरता खिशातून भरा, एकच खर्च दोन्हीकडे दाखवता येत नाही. दोघांचं मिळून उत्पन्न १,८०,००० च्या वर असेल तर क्रेडिट नाही.

मंद्र

नवऱ्याची नोकरी जानेवारीत गेली. २०२६-२७ च्या फाफ्सात २०२४ चं उत्पन्न गेलंय, ते भरपूर दिसतं. आता काही होऊ शकतं का?

तिरफळ

मंद्र, नक्की होऊ शकतं, आजच करा. ह्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, कायद्याने एड ऑफिसरला आकडे बदलायचा अधिकार आहे. प्रत्येक कॉलेजला वेगळं लिहायचं: नोकरी गेल्याचं पत्र, सेव्हरन्सचा कागद, बेरोजगार भत्ता, ह्या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज. एक पान पुरे. आणि १ मे जवळ आलाय म्हणून डिपॉझिटची मुदत वाढवून मागा, मागितली तर बरेचदा देतात.

मंद्र

खूप खूप आभार. आज रात्री लिहिते.

पाणकणीस

मंडळी, अपडेट द्यायला आले. प्रायव्हेटकडून उत्तर आलं. ४,००० मधून आधी वर्क स्टडीचे ३,००० आणि मग लोनचे १,००० कमी करणार, ग्रँटला हात लावणार नाहीत. ग्रँट दरवर्षी नव्या फाफ्सा आणि सीएसएसवर ठरेल असंही लिहिलंय, म्हणजे चार वर्षांची हमी नाही. स्टेटचं मेरिट ३.० जीपीए राखला तर चारही वर्षं. म्हणजे आता ४३,४०० विरुद्ध २८,६००.

लेकीसमोर दोन्ही कागद ठेवले, हे आमचं, हे तुझं कर्ज, असं सगळं. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली स्टेटच्या ऑनर्स कॉलेजची (हुशार मुलांसाठीचा वेगळा विभाग) माहिती काढते. उद्या तिकडे बघायला चाललोय. बे_एरियाकर, स्टेटच्या बिलात इन्शुरन्स दिसतोय, वेव्हर कधी भरायचा असतो?

बे_एरियाकर

साधारण जुलै-ऑगस्टमध्ये पोर्टल उघडतं, मुदत बिलाच्या तारखेच्या आसपास. मेल लेकीच्या कॉलेजच्या अकाउंटवर येतो, तुमच्या नाही, तेव्हा तिला आत्ताच सांगून ठेवा. इन्शुरन्स कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो लागतील. आणि उद्या गेलात की ऑनर्सच्या मुलांची वेगळी फी आहे का ते पण विचारा, काही ठिकाणी असते.